लोणारच्या गाळात लिहिलेला पावसाचा हिशेब



वर्धापनदिनाला आपल्या मंडळात कोणी संतचरित्रावर बोलते, कोणी आहारावर, कोणी मुलांच्या वळणावर. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, की तुम्ही शास्त्रातला काही विषय घ्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रातले मी काय बोलणार? परंतु माझी एक पुतणी अमरावतीस भूगर्भशास्त्र शिकते. सुटीत आली म्हणजे ती ओट्याशी उभी राहून मला काहीबाही सांगत असते, आणि मला कळेना झाले तर पुन्हा सांगते. तिच्याकडून ऐकलेला विषय मी आज घेतला आहे. शास्त्रज्ञ लोक दगडातून आणि चिखलातून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस कसा ओळखतात, हा तो विषय. आणि हे काम आपल्या वऱ्हाडातच, लोणारच्या तळ्यात झालेले आहे.

या विद्येची किल्ली एका शब्दात आहे. इंग्रजीत त्याला आयसोटोप म्हणतात, आपल्या मराठीत समस्थानिक. शब्द ऐकूनच घाबरायला होते. पण तो एका बाईने दिलेला आहे, हे ऐकून माझी भीती निम्मी गेली. फ्रेडरिक सॉडी नावाचे रसायनशास्त्रज्ञ स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे होते. त्यांच्या असे ध्यानात आले, की एकाच मूलद्रव्याचे काही अणू वजनाने वेगळे असतात, बाकी गुणधर्माने मात्र हुबेहूब सारखे. मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्यांना एकाच घरात बसवावे लागते. यांना नाव काय द्यावे? एका जेवणाच्या बैठकीत मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी ग्रीक भाषेतून शब्द सुचविला, "त्याच जागी बसणारे". ही 1913 सालची गोष्ट. सॉडींना पुढे 1921 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाईंना काय मिळाले ते विचारू नका. आपल्याकडच्या पंडितांनी समस्थानिक हा शब्द केला तोही नेमका त्याच अर्थाचा आहे.

आता हे घरगुती भाषेत सांगते. दोन सख्ख्या बहिणी समजा. चेहरा एक, स्वभाव एक, एकीच्या जागी दुसरी उभी केली तर कोणाला कळू नये. फक्त एकीचे वजन थोडे जास्त. हवेतला व पाण्यातला जो प्राणवायू, त्याचे असेच आहे. बहुतेक सर्व अणू सोळा वजनाचे. पाचशेमागे साधारण एक मात्र अठरा वजनाचा निघतो. आपण पितो त्या प्रत्येक तांब्यात हे दोन्ही असतात, आणि चवीत काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो पाणी उडताना. आपण शेतकऱ्यांच्या मुली आहोत, उफणणी पाहिलेली आहे. वारा सुटला की हलके फोलपट पुढे उडते, भरलेला दाणा खाली जवळच पडतो. पाण्याची वाफ होताना तसेच घडते. हलके पाणी आधी उडते, जड पाणी मागे रेंगाळते. म्हणून एखाद्या तळ्याला पाऊस कमी पडला आणि ऊन फार लागले, तर त्या तळ्यात जड प्राणवायूचे प्रमाण वाढत जाते. त्या पाण्यात चुनखडीचे जे कण तयार होतात त्यांत त्या प्रमाणाची खूण उतरते, आणि कण तळाशी जाऊन बसतो. पुढे हजार वर्षांनी कोणी तो कण काढून वजन करील तर त्या वर्षीचे ऊनपाणी सांगेल. अमेरिकेतील हॅरल्ड युरी यांना 1947 च्या सुमारास सुचले, की जुन्या शिंपल्यांतील प्राणवायूवरून जुन्या समुद्राचे तापमान काढता येईल. तेव्हापासून ही विद्या वाढत गेली.

वजन करतात ते तराजूने नव्हे. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र असते. अणूंना विजेचा भार देऊन चुंबकाजवळून पळवतात. हलका अधिक वळतो, जड कमी वळतो, आणि दोघे वेगवेगळ्या जागी जाऊन पडतात. इतकेच मला समजले.

आपल्या पायाखालच्या जमिनीबद्दल दोन शब्द सांगून मग लोणारला जाऊ. आपली काळी माती ज्या काळ्या दगडाची झाली तो दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा होय. अकोल्यापासून मुंबईपर्यंत तोच पसरला आहे. तो केव्हा वाहिला? दगडातल्या पोटॅशियमचा एक प्रकार अत्यंत सावकाश आरगॉन वायूत बदलत जातो. निम्मा बदलायला सव्वाशे कोटी वर्षे लागतात. किती आरगॉन साचला ते मोजले म्हणजे दगडाचे वय निघते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये राखेचे पातळ पट्टे सापडतात. त्यांतील बारीक स्फटिकांतल्या युरेनियम व शिशावरूनही वय काढले आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम 2015 व 2019 साली प्रसिद्ध केले. दोन्ही वाटांनी हिशेब सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांवर येतो. ज्या मातीत आपण कापूस आणि तूर लावतो तिची ही जन्मपत्रिका.

त्या दगडावर पुढे केव्हातरी आकाशातून एक उल्का येऊन आदळली आणि लोणारचे विवर झाले. काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. आपण लवणासुराची कथा ऐकत आलो, दैत्यसूदनाच्या देवळात हात जोडत आलो, कमळजादेवीची ओटी भरत आलो. अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीतही लोणारचा उल्लेख आहे. काही विद्वान हे विवर ज्वालामुखीचे मानीत. 1973 साली भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी तेथील काचेसारखे झालेले दगड तपासून ते आघाताचेच असल्याचे दाखविले. ते किती जुने याबद्दल मात्र शास्त्रज्ञांचे एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे बावन्न हजार वर्षे निघतात. आरगॉनच्या पद्धतीने ऑस्ट्रेलियातील जुर्दां व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली पाच लक्ष सत्तर हजार वर्षे काढली. अकरा पटींचा फरक! दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की आघाताच्या वेळी दगडातला जुना आरगॉन पुरता निघून गेला नसेल, तर वय उगाच मोठे दिसते. मला या भांडणाचे वाईट वाटत नाही. दोघेही आपला हिशेब उघड्यावर मांडतात, हे चांगलेच आहे.

पण तळ्याच्या तळाशी जो गाळ आहे त्याचा हिशेब पुष्कळ बरा लागला आहे. लोणारच्या तळ्याला पाणी येते ते पावसाचे, ओहोळांचे आणि धारेचे. बाहेर जायला वाट नाही. जे आले ते उन्हानेच उडायचे, म्हणून तर ते पाणी इतके खारे. पाऊस चांगला झाला की तळे फुगते व गोडावते, पाऊस हटला की आटते आणि खारावते. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले होते, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. खारे पाणी मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले. तात्पर्य, हे तळे पावसाला फार लवकर ओळखते. आणि दरवर्षी त्याच्या तळाशी गाळाचा एक पापुद्रा बसतो.

जर्मनीतील पॉट्सडॅम येथे पृथ्वीविज्ञानाची एक मोठी संस्था आहे. तेथील सुषमा प्रसाद या विदुषींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारच्या तळ्यात नळी खुपसून गाळाचा दहा मीटर लांबीचा गाभा काढला. आपण बोअर करताना जसे खडकाचे तुकडे निघतात तसे नव्हे. माती ज्या क्रमाने बसली त्याच क्रमाने, न विस्कटता काढायची. वरचा भाग आजचा, सर्वांत खालचा सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे सरासरीने एका वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास. आपल्या सासूच्या सासूचा सगळा जन्म त्या नळीत बोटाच्या लांबीएवढा.

येथे मी पुतणीला थांबवून विचारले, "हा तुकडा अमुक हजार वर्षांपूर्वीचा, हे कशावरून?" ती म्हणाली, "काकू, कापराची वडी समजा." हवेत कार्बनचा एक प्रकार असतो, चौदा वजनाचा. झाड जिवंत आहे तोवर हवेतून तो घेत राहते. मेले की नवा भरणा बंद, आणि असलेला हळूहळू नाहीसा होतो; उघड्या डब्यातला कापूर उडावा तसा. 5730 वर्षांनी निम्मा उरतो. विलर्ड लिबी यांना या पद्धतीबद्दल 1960 चे नोबेल मिळाले. तळ्याच्या पाण्यात कधी जुना कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे चिखलाचे वय फसवे निघू शकते. गाळात अडकलेला लाकडाचा वा पानाचा तुकडा मिळाला तर अधिक भरवसा. आपल्या देशात ही विद्या रुजविण्यात शीला कुसुमगर या बाईंचा वाटा आहे. आधी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व मग अहमदाबादची भौतिकी प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. डी. पी. अग्रवाल यांच्याबरोबर लिहिलेले त्यांचे पुस्तक 1974 साली निघाले.

आता माझ्या आवडीचा भाग. कार्बनचेही हलका व जड असे दोन टिकाऊ प्रकार आहेत, बारा आणि तेरा. गहू, भात, तूर, कापूस, आंबा, लिंब, बहुतेक सर्व झाडेझुडपे हवेतला कार्बन एका रीतीने घेतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उन्हाळी प्रदेशातील पुष्कळ गवते दुसऱ्या रीतीने घेतात, आणि त्यांच्यात जड कार्बन थोडा जास्त येतो. या दुसऱ्या मंडळींना उष्णता व पाण्याचा ताण अधिक सोसतो. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गव्हाला पाणी द्यावे लागते आणि ज्वारी कशी तग धरते, हे आपण जाणतो. पण ज्वारीची ही तिखट जात तिच्या अणूंत लिहिलेली असते, आणि खाणाऱ्याच्या हाडांतही ती उतरते, हे ऐकून मी भाकरी थापता थापता थांबले.

म्हणून तळ्याच्या गाळात जर झाडांचा कार्बन मिळाला तर भोवती रान होते असे धरावे. जर गवतांचा वाढला, तर रान विरळ होऊन कोरडे माळरान पसरले. पॉट्सडॅमच्याच विद्यापीठातील शाश्वती सरकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर पानांवरचे मेण तपासले. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब ठरत नाही, तो ज्या मेणकट थरामुळे घरंगळतो ते मेण. पान कुजून जाते, मेण हजारो वर्षे चिखलात राहते. त्या मेणात झाडाने प्यालेल्या पावसाच्या पाण्याची खूण असते, हलक्या व जड हायड्रोजनची. त्यावरून पाऊस किती, आणि ढग कोणत्या समुद्राकडून आले असावेत, याचाही अंदाज त्यांनी मांडला. 2015 साली तो प्रबंध निघाला.

आणखी एक साक्ष आहे ती क्षारांच्या खड्यांची. गेलुसाइट नावाचा खडा पाणी फार आटून फार खारे झाले तरच बनतो. गाळाच्या ठरावीक थरांतच ते खडे सापडले.

या सर्व साक्षी एकत्र करून सुषमाबाईंच्या गटाने 2014 साली जो निष्कर्ष मांडला तो असा. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी पावसाने जोर धरला. पुढे हळूहळू तो उतरला, आणि दोन काळ असे आले की मोसमी पाऊस फार दीर्घकाळ दुबळा राहिला. पहिला काळ आजपासून सुमारे 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा. दुसरा सुमारे 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. पहिला सातशे वर्षांचा आणि दुसरा चौदाशे वर्षांचा!

आपल्या घरी बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी निघतात. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामे. माझ्या सासूबाई अजूनही ताटात टाकलेले अन्न पाहू शकत नाहीत. त्याआधी 1899–1900 चा छप्पनचा दुष्काळ, तो आजेसासूंच्या तोंडून त्यांनी ऐकलेला. आम्हां बायांच्या मनात दुष्काळ म्हणजे एक वर्ष, फार तर लागोपाठ तीन वर्षे. एखाद्या गावाने सातशे वर्षे कमी पावसात काढावीत, पंचवीस-तीस पिढ्यांनी "यंदा तरी" म्हणावे, हे मनात मावत नाही.

मात्र येथे एक खुलासा केला पाहिजे. या काळात दरवर्षी पाऊस पडलाच नाही असे कोणी म्हटलेले नाही. सरासरीने तो कमी होता आणि कमी पावसाची वर्षे एकामागून एक येत राहिली, असे समजायचे. कारण त्या दुसऱ्या काळातच वाशीमला, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्माला, वाकाटकांची राजधानी होती, आणि पाचव्या शतकात अजिंठ्याची लेणी रंगली. त्याच काळात लोणारच्या काठावर देवळे उभी राहिली आणि आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. माणसे होती, गात होती, लिहीत होती. त्यांच्या बायका पाणी कुठून आणत, हे मात्र कोणत्याही शिलालेखात नाही.

सुषमाबाईंच्या प्रबंधातील आणखी एक वाक्य मला फार विचार करायला लावते. मध्य भारतात माणसांच्या पहिल्या वसाहती पहिला दीर्घ अवर्षणकाळ सुरू होण्याच्या सुमारासच दिसू लागतात. आणि शेती करणारी वस्ती भरभराटली ती दोन अवर्षणांच्या मधल्या काळात. नागपूरकडे माहुरझरी, नायकुंड येथे दगडी वर्तुळे करणारे आणि लोखंड गाळणारे लोक राहत, तो काळ या मधल्याच टप्प्यात येतो. पाऊस हटला तेव्हा माणूस पळून न जाता एका जागी बसला, हे कसे? माझा आपला तर्क असा, की रानोमाळ पाणी होते तोवर कुठेही हिंडता येत होते. पाणी थोड्याच ठिकाणी उरले तेव्हा त्या ठिकाणाला धरून बसावे लागले. पंडितांनी हे असेच म्हटले आहे असे कृपा करून समजू नका. हा घागर वाहणाऱ्या बाईचा तर्क आहे.

कारणांबद्दलही त्यांनी लिहिले आहे. हिंदी व प्रशांत महासागराच्या मध्ये जो गरम पाण्याचा मोठा पट्टा आहे, तो अधिक तापला की आपला मोसमी पाऊस दबतो. आणि वर्तमानपत्रात ज्याचे नाव वाचून शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो त्या एल निनोसारख्या स्थितीचा आपल्या पावसावरचा दीर्घकालीन प्रभाव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच सुरू झाला, असे त्यांना दिसले. तेव्हा समुद्र आपणहून तापला होता. आज तो आपल्या धुराने तापतो आहे.

हे सारे आपल्या घरापर्यंत कसे येते? आपल्यापैकी कितीतरी जणींचे माहेर खारपाणपट्ट्यातले आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरीचे पाणी खारे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याचे रोगी घरोघर. येथे पूर्वी समुद्र होता म्हणून पाणी खारे, असे म्हातारी माणसे सांगतात. परंतु सामान्यतः दिले जाणारे कारण निराळे आहे. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर गाळ साचला. कोरड्या हवामानात पाणी उडत राहिले, क्षार मागे राहिले, आणि निचरा नसल्यामुळे ते धुऊन गेले नाहीत. मला हे पटते, कारण लोणारात तेच उघड्यावर दिसते.

पाण्याचे वयही समस्थानिकांनी काढता येते. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे 1950 नंतरच्या पावसात ट्रिटियम नावाचा जड हायड्रोजन मिसळला, 1963 च्या सुमारास तो सर्वांत जास्त होता. जमिनीतल्या पाण्यात त्याचा अंशही सापडला नाही तर ते पाणी त्याआधी मुरलेले. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत बोअर खोल खोल चालले आहेत. जितके खोल जावे तितके जुने पाणी लागण्याचा संभव. ताज्या पावसाचे पाणी काढणे म्हणजे या महिन्याचा पगार खर्चणे, आणि शेकडो वर्षांचे काढणे म्हणजे आजीच्या पाटल्या मोडणे. खर्च दोन्ही, पण बाईला त्यांतला फरक कळतो.

भाषणाचा सराव मी आमच्या गल्लीतल्या एका आजीबाईंसमोर केला. त्या म्हणाल्या, "कावो बाई, मातीले का बोलता येते? अन् येते त मंग तिले इचार, औंदा पानी कसा हाये!" पुतणीला मी तोच प्रश्न विचारला. ती हसली नाही. म्हणाली, "काकू, माती पुढचे वर्ष सांगत नाही. ती एवढेच सांगते, की सातशे वर्षांचे अवर्षण या जागेवर होऊन गेलेले आहे."

मंडळाची सहल माघात लोणारला न्यायची असे ठरत आहे. अकोल्याहून पातूर, मालेगाव, मेहकर असा रस्ता आहे. विवरात उतरायची वाट दगडांची असल्यामुळे चपला जाड तळव्याच्या घालाव्यात आणि पिण्याचे पाणी प्रत्येकीने आपले बरोबर घ्यावे.